‘शाहू’ म्हणजे साव? मग चोर कोण?



२६ जून जवळ आला, राजर्षी शाहूंच्या जयंतीची मेल निघाली, की पाठोपाठ कुणाचा तरी टोमणा येतोच: "ज्या नावाचा एवढा गजर करता, ते औरंगजेबाने ठेवलेले आहे!"

कथा अशी. संभाजीराजांच्या मुलाचे पाळण्यातले नाव शिवाजी. १६८९ मध्ये रायगड पडला आणि सात वर्षांचे हे पोर आई येसूबाईंसह मोगलांच्या कैदेत गेले. तिथे म्हणे बादशहा त्याला म्हणाला, आजा चोर होता, हा मात्र ‘साव’ आहे. सावचा झाला शाहू. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात ही कथा दिली, आणि तेव्हापासून आपण तिची री ओढतो आहोत.

पण साव म्हणायला समोर चोर लागतो. इथे चोर कोण? शिवछत्रपती! एरवी महाराजांचा एकेरी उल्लेख झाला तरी अंगावर धावून येणारी मंडळी ही व्युत्पत्ती मात्र मिटक्या मारीत सांगतात.

मुळात बादशहाची गरजच काय? मुलाच्या पणजोबांचे नाव शहाजी. नाव घरातच होते. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात आणि हाक दुसऱ्याच नावाने मारतात, कारण सून सासऱ्याचे नाव घेणार कशी? येसूबाईंचेही तसेच झाले असावे, हा माझा तर्क. बादशहाच्या विनोदापेक्षा तो मला अधिक पटतो.

आता ‘शाह’ हा शब्दच खुपत असेल, तर तक्रार थेट शिवरायांकडे न्या. त्यांच्याच आज्ञेवरून परमानंदाने लिहिलेल्या ‘शिवभारता’त मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला केलेला नवस आहे, शहाजी आणि शरीफजी ही मुलांची नावे त्यावरून पडली. आणि महाराजांच्या संस्कृत राजमुद्रेत ते ‘शाहा’चे पुत्र आहेत. ना कवीला त्यात बाट दिसला, ना राजाला.

पुढे तर हे घरगुती नाव बाजीराव पेशव्यांच्या शिक्क्यात ‘शाहू नरपति’ म्हणून उमटले. आणि कोल्हापूर? सुटून आलेल्या शाहूंना १७०७ मध्ये ताराबाईंनी तोतया ठरवले, त्यांच्याशी लढाई केली, पुढे वेगळी गादी मांडली. शाहूंना नाकारून उभ्या राहिलेल्या त्याच गादीने १८८४ मध्ये कागलच्या यशवंतराव घाटग्यांना दत्तक घेऊन नाव कोणते दिले? शाहू. नाव शत्रूने चिकटवलेले असते, तर ते कुणी हौसेने घेतले असते काय?

त्या यशवंतरावांनी, म्हणजे आपल्या राजर्षींनी, २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखल्या. टोमणे मारणाऱ्यांचा खरा राग या हुकुमावर आहे, असा मला दाट संशय आहे. तसे असेल तर तसे सरळ लिहा, आम्ही उत्तर देऊ. औरंगजेबाला मध्ये आणू नका.