माहिती अधिकारातल्या खोडलेल्या ओळी: आता नावं विचारायची कशी?

शाळेच्या इमारतीचं कंत्राट कोणाला मिळालं? घरकुल कोणाच्या नावावर मंजूर झालं? दहा रुपयांचा अर्ज करून हे विचारता येतं, ते 2005च्या माहिती अधिकार कायद्यामुळे. पण असल्या प्रश्नाच्या उत्तरात कोणाचं तरी नाव येणारच. आणि नोव्हेंबर 2025पासून नेमकी तिथेच अडचण झाली आहे.

नेमकं काय बदललं?

कायद्याच्या कलम 8(1)(जे)नुसार वैयक्तिक माहिती नाकारता येत होती, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल, तरच. शिवाय, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्ती होती. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे सगळं काढलं. उरलं एवढंच: माहिती वैयक्तिक असेल तर देणं बंधनकारक नाही.

सरकार म्हणतं, 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्याला धरूनच हा बदल आहे. कलम 8(2) कायम आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येतेच. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. कोणाचा आजार किंवा बँक खातं चव्हाट्यावर का यावं? पण त्यासाठी जुन्या कलमात तरतूद होतीच की.

कुलाब्याच्या 31 मजली 'आदर्श' इमारतीचं प्रकरण आठवा. फ्लॅट कोणाकोणाला मिळाले, हाच तिथला कळीचा प्रश्न होता. नातेवाइकांची नावं पुढे आल्यावर 2010 मध्ये अशोक चव्हाण यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. ती यादीसुद्धा 'वैयक्तिक'च म्हणता आली असती.

आता तालुक्याच्या कचेरीतला माहिती अधिकारी काय करेल? माहिती चुकीची नाकारली तर त्याला दिवसाला 250, जास्तीत जास्त 25 हजार रुपये दंड आहे. पण कायद्यानेच नाकारायची एवढी मोकळीक दिल्यावर तो जोखीम कशाला घेईल?

अर्थात, कलम 4 शाबूत आहे. अनुदानाचे लाभार्थी, परवाने मिळालेले लोक यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचा असतो. त्यामुळे अर्जातच कलम 4 आणि 8(2)चा उल्लेख करून जनहित काय आहे ते लिहावं. नकार आलाच तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्यावरच्या निर्णयानंतर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं.