आदर, विशेषणे आणि निवेदकाची नजर

कथात्म साहित्यातील आशियाई पात्रांच्या वर्णनाचा प्रश्न निघाला की आपल्या चर्चासत्रांत दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले असे की, आदर हे नैतिक मूल्य आहे, वाङ्मयीन नव्हे. लेखकाला जे दिसले ते त्याने लिहिले, समीक्षकाने तेथे पहारा करू नये. दुसरे उत्तर पाश्चात्त्य लेखन-मार्गदर्शिकांतून आयात झालेले आहे : डोळ्यांना बदामाची उपमा देऊ नये, त्वचेला खाद्यपदार्थाची देऊ नये, एवढे पथ्य पाळले की वर्णन निर्दोष झाले. ही उत्तरे परस्परविरोधी भासतात. वस्तुतः वर्णन म्हणजे विशेषणांची निवड, हे गृहीतक दोहोंना समान आहे आणि माझा आक्षेप या गृहीतकालाच आहे.

इंग्रजीतील दोन गाजलेली चिनी पात्रे पाहावीत. सॅक्स रोमरचा डॉ. फू मांचू १९१३ मध्ये पुस्तकरूपाने अवतरला : प्रकांड बुद्धीचा, क्रूर, पाश्चात्त्य जगाविरुद्ध कट रचणारा. दुष्ट चिन्याचा हा साचा आता जुना झाला, कायद्याच्या बाजूचा चिनी मनुष्य उभा करावा, या भूमिकेतून अर्ल डेर बिगर्स याने १९२५ मध्ये ‘द हाउस विदाउट अ की’ या कादंबरीत होनोलुलूच्या पोलीस दलातील चार्ली चॅन आणला. हेतू सद्भावाचा होता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु पहिल्याच प्रवेशात चॅन कसा दिसतो? देह स्थूल, चाल बायकी, गाल बालकाचे, त्वचा हस्तिदंती, डोळे तिरके. यांतील एकही विशेषण शिवी नाही. तरीही सर्व मिळून एका प्रौढ पुरुषाचे प्रौढपण काढून घेतात. ज्या बॉस्टनच्या विंटरस्लिप घराण्याच्या सहवासात आपण कादंबरी वाचतो, त्यांचा वंश मात्र चेहऱ्यावरून वाचून दाखवण्याची गरज निवेदकाला भासत नाही. चिनी मजुरांना प्रवेश नाकारणारा १८८२ चा कायदा ज्या देशात १९४३ पर्यंत जारी होता, तेथील वाचकाला असा निरुपद्रवी, सुभाषिते बोलणारा चॅन आवडावा, यात नवल नाही.

फ्रँक चिन आणि जेफ्री पॉल चॅन यांनी १९७२ च्या ‘रेसिस्ट लव्ह’ या निबंधात नेमके यावरच बोट ठेवले. वंशवादाला द्वेषाचा साचा लागतो तसाच प्रेमाचाही लागतो. फू मांचू हा पहिला, चार्ली चॅन हा दुसरा. मराठी समीक्षकाला हा मुद्दा परका वाटण्याचे कारण नाही. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहानंतर आणि पुढे दलित साहित्याच्या चर्चेत, कणव म्हणजे आदर नव्हे, हे आपण शिकलो आहोत. ते शिक्षण वंशाच्या प्रश्नापाशी आल्यावर आपण विसरतो.

‘पण दिसते ते लिहायचेच नाही काय?’ असे वास्तववादी विचारतील. अवश्य लिहावे, मात्र कोणाला दिसते, हेही लिहावे. जॉन ओकाडाच्या ‘नो-नो बॉय’ (१९५७) या कादंबरीतील इचिरो यामादा दोन वर्षे छावणीत आणि दोन वर्षे तुरुंगात काढून सिएटलला परततो. त्याचे जपानी असणे कोठेही लपवलेले नाही. पण ते आईवरील संतापातून, अपराधभावातून, आपण कोणत्या देशाचे या त्याच्या स्वतःच्या छळवादी प्रश्नातून आपल्यापर्यंत येते. येथे वास्तव उणावले आहे, असे कोण म्हणेल?

निषिद्ध शब्दांची यादीही आपल्याला तारणार नाही. आपल्या भाषेत वर्ण ‘गव्हाळ’ असतो आणि नाक ‘चाफेकळी’; त्यात धान्य आहे, फूल आहे, पण अवहेलना नाही, कारण पाहणारा आणि पाहिला जाणारा एकाच अंगणातले आहेत. उपमेचा दोष उपमानात नसून या अंतरात असतो. म्हणूनच यादी उसनी घेता येत नाही.

आणि हे अंतर आपल्या अंगणाबाहेरही आपणच राखले आहे. मराठी कथेतला नेपाळी पहारेकरी आठवावा. तो बहुधा केवळ ‘गुरखा’ असतो : डोळे मिचमिचे, हिंदी मोडकी, इमान अढळ, नाव नाही. त्याचे गाव, त्याचे कर्ज, त्याची मालकाविषयीची मते कथेच्या कक्षेत येत नाहीत. हाही प्रेमाचाच साचा आहे. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या निदो तानिया या विद्यार्थ्याचा, त्याच्या दिसण्यावरून झालेल्या शेरेबाजीतून उद्भवलेल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्या मृत्यूचे खापर साहित्यावर फोडणे हास्यास्पद ठरेल. पण चेहरा पाहताच माणूस संपला असे मानण्याची सवय जेथे जोपासली जाते, त्या जागांपैकी एक कथाही आहे, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तेव्हा समीक्षेने विशेषणे मोजणे सोडावे आणि निवेदकाला तीन प्रश्न विचारावेत : कोणाचे चेहरे वर्णनावाचून ‘माणसाचे’ मानले आहेत? वर्णिलेल्या पात्राला उलट पाहण्याचा अधिकार आहे काय? आणि त्याचा वंश काढून घेतल्यास कथेत त्याचे काही उरते काय? हे प्रश्न निवेदनाच्या रचनेचे आहेत, म्हणजे पूर्णपणे वाङ्मयीन आहेत. त्यांना नीतीच्या खात्यात ढकलून मोकळे होणारी समीक्षा आपले काम टाळत आहे.