ऊब, ओल आणि 'चार ऋतूं'ची पाटी

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेली खोली, म्हणजे ट्रक कॅम्पर, घेऊन उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्यात रानात मुक्काम करणाऱ्यांविषयी आपल्या वाचत्या वर्तुळात एक आढ्यताखोर सूर कानी पडतो. हीटर लावून निसर्गात जाणे म्हणजे निसर्गात न जाणेच, असा तो सूर. त्याला साक्षीदार म्हणून बहुधा थोरो उभा केला जातो. आमच्या मते हे 'वॉल्डन' (१८५४) न वाचल्याचेच लक्षण आहे. अन्न, वस्त्र, निवारा आणि इंधन ही चारही शरीराची ऊब टिकवण्याची साधने होत, असे थोरो पहिल्याच प्रकरणात मांडतो. पुढे एक अख्खे प्रकरण धुराडे बांधण्यात आणि भिंतींना गिलावा करण्यात जाते. दुसऱ्या हिवाळ्यात, रान आपल्या मालकीचे नाही म्हणून, काटकसरीसाठी तो लहान शेगडी घेतो आणि विस्तव डोळ्यांआड झाल्याची खंतही नोंदवतो. ऊब त्याला कधीच क्षुद्र वाटली नव्हती.

स्टाइनबेकने १९६० साली 'रोझिनान्ते' नावाच्या अशाच गाडीतून अमेरिका पालथी घातली. गाडीतला हीटर, शेगडी, दिवे ब्यूटेनवर चालतात, हे तो लिहितो. वाचक त्या शब्दावरून घसरत पुढे जातो. वास्तविक शुद्ध ब्यूटेन उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याहून अधिक थंडीत तो टाकीत द्रवरूपच बसून राहतो. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश. हिवाळी मुक्काम शक्य की अशक्य, हे या आकड्यांवर ठरते, आणि आपली प्रवासवर्णनाची समीक्षा 'प्रतिमासृष्टी'त रमलेली असते!

पण आमचा खरा राग दुसऱ्या पक्षावर आहे. कॅम्परवर 'चार ऋतूंसाठी' अशी पाटी लावून विकणाऱ्यांवर. त्या शब्दांमागे सर्व उत्पादकांना बांधून घेणारे एकच एक मोजमाप नाही. भिंतीत फोम जाड असेल, पण मधल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यातून ऊब सरळ बाहेर वाहते, त्याचे काय? मग गिऱ्हाईक स्वतःच कामाला लागते. बुडबुड्यांचा चंदेरी कागद भिंतीला घट्ट चिकटवते (हवेची पोकळी न ठेवता चिकटवलेला हा कागद उष्णता परावर्तित करीत नाही, नुसता चकाकतो), फटी बुजवते, छताची झडप उशीने बंद करते आणि आत धुराडे नसलेला गॅसचा हीटर पेटवते.

येथे रसायनशास्त्र कोणाचीही भीड ठेवीत नाही. १ किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने खोलीत उतरते. त्यात झोपलेल्यांच्या श्वासाची भर. ही वाफ काचेवर, सांगाड्यावर आणि विशेषतः चालकाच्या केबिनवर पुढे आलेल्या पलंगाच्या गादीखाली थिजते. काही दिवसांत तेथे बुरशी धरते. बुरशी दिसते तरी. ऑक्सिजन अपुरा पडला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० हून अधिक पट घट्ट बिलगतो. झोपलेला माणूस जागा होत नाही. असे असता 'खिडकी किंचित उघडी ठेवा' ही सूचना माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक टायपात छापणे, याला आम्ही निष्काळजीपणाच म्हणतो.

बाहेरची हवा घेऊन जळणारा आणि धूर बाहेरच सोडणारा हीटर महाग पडतो, त्याचा पंखा रात्रभर बॅटरी पितो, हे खरे. थंडीत शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता घटते आणि लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करता येत नाही, हेही खरे. तरी इन्सुलेशनचा पहिला रुपया, किंवा तेथला डॉलर, खर्चण्याआधी हा हीटर आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटा घेतली पाहिजे, याबाबत आम्ही तडजोड करणार नाही. गादीखाली हवा खेळेल अशा पट्ट्या घालाव्यात. छताची झडप, बाहेर बर्फ पडत असला तरी, दोन बोटे उघडी ठेवावी. तेवढी ऊब बाहेर गेली तर जाऊ द्यावी.