हिरवा रंग आणि कोडे

कलाशाखेत आलो की विज्ञानाशी आपला संबंध दहावीलाच संपला, अशी एक सोयीची समजूत आपल्यात आहे. वस्तुतः तो संबंध संपत नाही. मोबाइलवर सुरूच राहतो. एस.टी.च्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर, वसतिगृहाच्या जिन्यात चार जण जमले की एकाच्या हातात विज्ञान-तंत्रज्ञानाची प्रश्नमंजुषा चालू असते आणि उरलेले तिघे खांद्यावरून डोकावत उत्तरे ओरडत असतात. प्रश्न एक, पर्याय चार, वेळ थोडका. बरोबर आले तर हिरवा रंग, चुकले तर लाल. मराठी नि इतिहास घेऊन बी.ए. करणारी मुले-मुली या निमित्ताने उपग्रहांविषयी आणि अणूंविषयी हिरिरीने भांडतात, हे मला मनापासून आवडते. तेव्हा या खेळांना नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. माझी तक्रार एवढीच, की या खेळांत प्रश्न रग्गड आहेत, पण कोडे सापडत नाही.

पूर्वी घरोघरी रात्री जेवणे उरकल्यावर कोडी घातली जात. नारळावरचे कोडे कोणाला ठाऊक नाही? नारळ सर्वांनीच पाहिलेला असतो. पण त्याला डोळे आहेत आणि पोटात पाणी आहे, हे कोड्यामुळे नव्याने दिसते. मुख्य म्हणजे उत्तर सुचले की ते बरोबर आहे हे सांगायला पंच लागत नाही. खुणा जुळल्या की काम झाले. मोबाइलवर मात्र उत्तर बरोबर का, हे हिरवा रंग सांगतो आणि आपण मान डोलावतो.

बरे, हा हिरवा रंग नेहमी खरेच बोलतो काय? ‘चंद्रावरून दिसणारी मानवनिर्मित वस्तू कोणती?’ हा प्रश्न कितीतरी वर्षे फिरतो आहे आणि ‘चीनची भिंत’ हे त्याचे ठरलेले उत्तर आहे. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आणि भिंतीची रुंदी अवघी काही मीटर. त्रैराशिक मांडून पाहा: चार-पाच किलोमीटरांवरून डोक्याचा एक केस पाहण्यातला हा प्रकार आहे. चीनचे पहिले अंतराळवीर यांग लिवेई २००३ साली पृथ्वीभोवती फिरून आले. चंद्राच्या मानाने ते पृथ्वीला चिकटूनच होते म्हणा; तरी आपल्याला भिंत दिसली नाही, असे त्यांनी सांगितले. दुसरे उदाहरण जिभेचे. गोड चव जिभेच्या टोकाला आणि कडू मागच्या बाजूला कळते, हे उत्तरही अनेक ठिकाणी हिरवे होते. चिमूटभर साखर जिभेच्या मागच्या भागावर ठेवावी. तिथेही ती गोडच लागते. त्यासाठी प्रयोगशाळा नको, शास्त्रशाखेचे ओळखपत्रही नको. तरीही आपण साखरेचा डबा उघडत नाही, कारण स्पर्धा परीक्षेची उत्तरसूची साखरेपेक्षा मोठी वाटते. माझ्या मते खरे नुकसान इथे होते. ज्याला उत्तर तपासण्याची सवय नाही, त्याला उद्या कोणीही काहीही हिरवे करून दाखवील.

राष्ट्रीय विज्ञान दिनाचेच पाहा ना. तारीख विचारा, सगळे सांगतील: २८ फेब्रुवारी. १९२८ साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, हेही बरेच जण सांगतील. पण रामन यांना पडलेले कोडे कोणते होते? १९२१ साली बोटीच्या प्रवासात त्यांनी भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहिला. आकाशाच्या प्रतिबिंबामुळे समुद्र निळा दिसतो, हे उत्तर तेव्हा तयार होते आणि थोरामोठ्यांनी दिलेले होते. रामन यांनी पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश एका छोट्या लोलकाने अडवून पाहिला, तरी निळाई उरलीच. तिथून पुढची सात वर्षे सुरू झाली. आपल्या खेळात गुण मिळतात ते तारखेला.

कोडे कसे असावे, याचा नमुना शेजारच्याच जिल्ह्यात आहे. नाशिकजवळच्या देवळालीला (आपल्या राहुरीकडचे देवळाली प्रवरा नव्हे!) दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. त्यांनी १९४९ साली एक गंमत जाहीर केली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराशी पुन्हा तेच करा. समजा ३५२४ घेतली. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, पुन्हा ६१७४! कोणत्याही संख्येपासून निघा, फार तर सात वजाबाक्यांत इथेच येऊन थांबता. ‘कापरेकर स्थिरांक कोणता?’ असे विचारले तर दोन सेकंदांत हिरवा रंग मिळतो. पण वजाबाक्या करू लागलात तर अख्खा तास कसा जातो ते कळत नाही, आणि ‘असे का?’ हा किडा डोक्यात शिरतो तो वेगळाच.

म्हणून यंदाच्या विज्ञान दिनाला महाविद्यालयात जी प्रश्नमंजुषा होईल, तिच्यासाठी माझी एक सूचना आहे. पर्याय देऊ नयेत आणि निदान काही प्रश्न आपल्या जिल्ह्यातले असावेत. ‘निघोज कशासाठी प्रसिद्ध?’ याचे उत्तर ‘रांजणखळगे’ हे पारनेरचे शेंबडे पोरही देईल. त्याऐवजी असे विचारावे: कुकडीचे पात्र काळ्या कठीण बसाल्टचे आहे, मग त्यात रांजणासारखे गोल, खोल खळगे कोणी कोरले? नुसते पाणी म्हणाल तर पाणी सरळ वाहते, खळगा गोल कसा? ज्याने कडेला बसून आत डोकावले असेल त्याला भोवरा सुचेल आणि भोवऱ्यात गरगरत खडक घासणारे दगडगोटेही सुचतील. उन्हाळ्यात काळ्या रानाला हातभर भेगा पडतात, शेजारच्या मुरमाड माळाला का पडत नाहीत? उघड्यावर ठेवलेल्या माठातले पाणी पावसाळ्यात उन्हाळ्याइतके गार का होत नाही? शेतकऱ्याच्या घरातली मुले असल्या प्रश्नांवर शहरातल्या मुलांना सहज हरवतील, अशी माझी खात्री आहे.

अशा स्पर्धेत गुण देणे कठीण जाईल, हा आक्षेप मला मान्य आहे. परीक्षक म्हणून भूगोलाचे एक प्राध्यापक आणि शास्त्रशाखेतले एक, असे दोघे बसवावेत, प्रश्न पाचच ठेवावेत आणि प्रत्येकाला पाच मिनिटे द्यावीत. मोबाइल दाराशी जमा केले नाहीत तरी चालतील.