आधी शेण तपासा
धानाची कापणी उरकली की भंडारा-गोंदियातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचं पाणी ओसरू लागतं. रान वाळतं, हिरवं गवत उरतं ते काठच्या चिखलात. गुरं तिथेच चरतात आणि गवताला चिकटलेले यकृतकृमीचे सूक्ष्म कोश पोटात घेतात. गोगलगायीच्या अंगात वाढून पाण्यात उतरलेली ही पिल्लं गुरांचं यकृत पोखरत पित्तनलिकांपर्यंत पोचतात. म्हैस खंगते, दूध आटतं, जबड्याखाली पाणी साचून सूज लोंबते. मालकाने जंताचं औषध तर कधीच पाजलेलं असतं.

पण कोणतं? आयव्हरमेक्टिन गोल जंतांवर चालतं, या पानासारख्या चपट्या कृमीवर नाही. ऑक्सिक्लोझानाइड वाढ झालेले कृमी मारतं. यकृत पोखरणारी पिल्लं त्यातून सुटतात. ट्रायक्लाबेंडाझोल पिल्लांनाही मारतं, मात्र त्याला दाद न देणारे कृमी ऑस्ट्रेलियात १९९५ मध्येच नोंदले गेले. वजन न पाहता अर्धामुर्धा डोस पाजत राहणं म्हणजे तीच वेळ इथे ओढवून घेणं.

म्हणून आधी शेण तपासलं पाहिजे, आणि नीट तपासलं पाहिजे. मिठाच्या पाण्यावर अंडी तरंगवण्याची नेहमीची रीत इथे फसते, कारण ही अंडी जड असतात. शेण पाण्यात कालवून गाळायचं, निवळू द्यायचं, वरचं पाणी ओतून तळचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. अंडं पिवळसर सोनेरी दिसलं तर यकृतकृमीचं. तसंच पण बिनरंगी असलं तर कोठीपोटातल्या कृमीचं. लागण झाल्यावर अंडी दिसायला तीन महिन्यांहून अधिक काळ जातो, तेव्हा एका तपासणीवर विसंबता येत नाही. या कामाला महागडं यंत्र लागत नाही. तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात ते व्हायलाच हवं.

गोगलगायी मारायला तलावात मोरचूद टाकण्याचा उपाय मात्र नको. त्याने मासेही मरतात, आणि त्याच तलावांवर ढिवरांची चूल पेटते. त्यापेक्षा गुरांना पाणी पाजायला काठापासून दूर, कोरड्या जागी हौद बांधावेत. रोजगार हमीतून गोठे बांधता येतात, तर ग्रामसभांनी हे हौदही मागावेत. धानाच्या ताटाचा पाण्यात बुडालेला बुडखा गुरांपुढे टाकू नये. तणसही उन्हात चांगली वाळवूनच घालावी. ओल्या तणसीवर कोश जिवंत राहतात.