रायगड म्हणजे आपणच

‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन वैश्विक किरणं पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल उशाशी ठेवू नका, घरच्यांनाही सांगा.’ अशा आशयाचा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात कधी नासाचं नाव असतं, कधी बीबीसीचं. तारीख मात्र नसते, त्यामुळे तो कधी शिळाच होत नाही. निव्वळ थाप आहे. पण लिहिणाऱ्याचा हात कसलेला आहे, हे मान्य करायला हवं. केव्हा, काय करायचं, कुणाला कळवायचं, सगळं दोन ओळींत आलं. वर सांगणारा आपल्या काळजीपोटी सांगतोय असं वाटतं ते वेगळंच.

आता आपल्या सरकारी विज्ञान संस्थांची सोशल मीडियावरची पानं चाळा. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, हिंदी पंधरवडा, स्वच्छतेची शपथ. फोटोत वीस माणसं आणि खाली ओळीने सगळ्यांची पदं. या पोस्ट वरच्या साहेबांसाठी लिहिलेल्या असतात आणि बहुधा तेच त्या वाचतात. चांद्रयान-३ उतरलं तेव्हा, २३ ऑगस्ट २०२३ला, इस्रोने पोस्टमध्ये यानालाच बोलतं केलं आणि देश हरखून गेला, हे खरं. पण तसा दिवस एखादाच. प्रश्न एरवीच्या मंगळवारचा आहे.

गंमत म्हणजे, त्या किरणांच्या थापेला जिने उत्तर द्यावं अशी एक संस्था रायगड जिल्ह्यातच आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे. तिच्या कपाटात काय ऐवज आहे पाहा. सप्टेंबर १८५९मध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड चुंबकीय वादळ कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदलं गेलं. ती नोंद जगभरचे अभ्यासक आजही काढून पाहतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय यंत्रांचं काही खरं नव्हतं, म्हणून १९०४मध्ये ती मोजणी अलिबागला हलवली. ट्राम आली आणि गेलीही, अलिबागची मोजणी चालूच आहे. ही एवढी गोष्ट, एक जुना फोटो आणि चार ओळी. पाहुण्यांची गरजच काय?

१० मे २०२४च्या रात्री असंच मोठं वादळ आलं होतं. लडाखमध्ये हानलेचं आकाश लाल झालं. त्या रात्रीसाठी मी साधारण अशी पोस्ट लिहिली असती: ‘सूर्याकडून आलेलं चुंबकीय वादळ सुरू आहे. उपग्रह आणि लांब पल्ल्याच्या रेडिओवर परिणाम होऊ शकतो. तुमच्या मोबाइलला आणि तुम्हाला धोका नाही. पनवेलमधून आकाशात काही दिसणार नाही. झोपा.’ शेवटच्या शब्दाला वरून मंजुरी मिळाली नसती, पण लोकांनी पुढे पाठवली असती ती त्या शब्दासाठीच.

पावसाचं प्रकरण एवढं हसण्यावारी नेता येत नाही. हवामान विभागाचा इशारा जिल्ह्यानुसार असतो. वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. उलवे, खारघर, पनवेल रायगडात. उलव्यातला माणूस पत्ता सांगताना ‘नवी मुंबई’ म्हणतो, कामाला बेलापूरला नाही तर मुंबईला जातो, बातम्या मुंबईच्या बघतो. रायगड म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर किल्ला येतो, फार तर महाड-पोलादपूर. ‘रायगडला ऑरेंज अलर्ट’ हे वाचून तो बामणडोंगरीला निवांत लोकल पकडतो. इशारा बरोबर होता आणि पोहोचलाही होता, फक्त तो आपल्याला आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही. ‘रायगड (पनवेल, उलवे, खारघर, उरणसह)’ एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? शिवाय १९ जुलै २०२३च्या रात्री दरड कोसळली ती खालापूरची इर्शाळवाडीही याच जिल्ह्यातली. डोंगराखालच्या वाडीला घर सोडायची तयारी ठेवा म्हणायचं, खाडीकाठच्या उलव्याला भरतीची वेळ सांगायची. दोघांना एकच ओळ देऊन कसं भागेल?

आकड्यांचंही तेच. विभागाच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६पासून अतिमुसळधार आणि २०४.४च्या वर अत्यंत मुसळधार. हवामानवाल्यांना हे पाठ असतं, वाचणाऱ्याला मिलिमीटर म्हणजे पट्टीवरची बारीक रेघ. त्याला सांगा, शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार चौरस मीटरच्या सोसायटीच्या आवारात एक लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे दहा टँकर. टँकर म्हटलं की उलव्यात वेगळं समजवावं लागत नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मला म्हणूनच आवडतं. ते तुम्ही जिथे उभे आहात तिथून मोजायला लागतं आणि आसपास वीज कुठे पडतेय ते दाखवतं. जिल्हा ओळखायची परीक्षा तुम्हाला द्यावी लागत नाही.

पोस्टखाली कुणी तरी विचारतंच, ‘उलव्यात काय?’ बहुतेकदा तो प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. पाऊस चालू असताना दोन तास एक माणूस फक्त उत्तरं द्यायला बसवला, तर महिन्याभराच्या चकचकीत चित्रांपेक्षा जास्त काम होईल. आणि चित्रं करायचीच तर तारीख आणि ‘इतक्या वाजेपर्यंत लागू’ हे चित्राच्या आत, मोठ्या अक्षरात हवं. कारण उलव्यातले लोक हवामान विभागाचं पान उघडून बसत नाहीत. त्यांच्याकडे येतो तो त्या चित्राचा फॉरवर्ड, वरची पोस्ट गळून पडलेला. मग गेल्या जुलैतला रेड अलर्ट यंदाच्या जुलैत ग्रुपवर येतो आणि कुणी तरी ‘उद्या शाळेला सुट्टी आहे का?’ म्हणून विचारतं.