पुण्यात हीटर कशाला लागतो?

"पुण्यात हीटर कशाला लागतो?" हे वाक्य माझं आहे. दोन वर्षांपूर्वी गॅरेजवाल्या काकांसमोर आणि बाबांसमोर मी ते मोठ्या रुबाबात म्हटलं होतं. नुकतीच मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली होती, त्यामुळे घरात मिक्सर बिघडला तरी माझं मत विचारलं जायचं. ते मत आज मी जाहीरपणे मागे घेते आहे, म्हणून हा लेख. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी आपल्या खात्यावर टाकाव्यात, ही विनंती.)

आमच्याकडे आजोबांनी १९८९ साली घेतलेली एक छोटी गाडी आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, उद्या कॅम्पसला यायची! गाडीला एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन रजिस्ट्रेशन वाढवून घ्यायचं, हा आमच्या घरचा एक सणच आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला गाडी पन्नास वर्षांची लागते, म्हणजे आमची अजून वयात यायची आहे. आम्ही तिला 'क्लासिक' म्हणतो. शेजारी वेगळं काहीतरी म्हणतात.

तर दोन वर्षांपूर्वी गाडीत गोडसर वास यायला लागला. आईला वाटलं, कुणीतरी सरबत सांडलं. पुढच्या काचेवर आतून तेलकट थर बसायचा, ड्रायव्हरशेजारच्या सीटखालची चटई ओली, आणि रेडिएटरमधलं पाणी दर आठवड्याला कमी. कोणत्याही जुन्या गाडीत ही चार लक्षणं एकत्र दिसली की समजायचं, हीटर कोअर गळतोय. वास येतो तो कूलंटमधल्या इथिलीन ग्लायकॉलचा. गोड असतं, पण विषारी.

हीटर कोअर म्हणजे काय? डॅशबोर्डच्या मागे लपलेला छोटा रेडिएटर, साधारण वहीएवढा. गॅरेजमध्ये त्याला हीटरची जाळी म्हणतात. इंजिनातलं ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी एका होज पाइपने त्यात येतं आणि दुसऱ्याने परत जातं. मधून पंखा हवा ढकलतो. पेट्रोलमधल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये वाया जातो, त्यातलाच थोडा आपण आत घेतो. फुकटची ऊब!

काकांनी दोन पर्याय सांगितले. एक, डॅशबोर्ड खोलून जाळी बदलायची, दोन-तीन दिवस. दुसरा, इंजिनाच्या बाजूने दोन्ही होज काढून एका तुकड्याने एकमेकांना जोडून टाकायचे, दहा मिनिटं. यालाच बायपास म्हणतात. आणि मग माझं ते ऐतिहासिक वाक्य. बाबा म्हणाले, "हिला कळतं ना, मग करा बायपास."

यंदाच्या जुलैत आम्ही ताम्हिणी घाटातून माणगावला निघालो. मुळशी सोडल्यावर पाऊस असा की काचा खाली करायची सोय नाही. गाडीत चार माणसं, चौघांचा श्वास, ओले कपडे. काच आतून पांढरी झाली. मी शेजारी बसून नॅपकिनने पुसत होते, पुसलेला गोल मोठा होईपर्यंत पुन्हा भरून येत होता. बाबांनी सवयीने हीटरचा दांडा ओढला, थंड ओली हवा आली. एका वळणावर समोरून एसटी आली, तिचे दिवे लावलेले होते, पण आम्हाला ती दिसली ती अगदी बॉनेटजवळ. बाबांनी गाडी डावीकडे कापली आणि दोन चाकं गटारात गेली. कुणाला काही लागलं नाही. एसटीचे कंडक्टर आणि दोन प्रवासी उतरले, गाडी उचलून वर ठेवली. निजामपूर येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. बाबाही बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

काच बाहेरून धूसर असती तर लोक तंबाखू चोळतात, कच्चा बटाटा चोळतात. आतल्या वाफेला ते फारसं उपयोगी पडत नाही. आतली वाफ म्हणजे थंड काचेवर सांद्रित झालेला आपलाच श्वास. सायक्रोमेट्रिक चार्ट आठवतो? आपण त्यावर पेन्सिलने रेघा मारतो आणि सबमिशन झालं की विसरतो. चोवीस अंशांची पूर्ण ओली हवा चाळीस अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता शंभरवरून जवळजवळ चाळीस टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण तीच हवा आता काचेवरचं पाणी शोषून घेते, शिवाय काचही गरम होते. एसी असलेल्या गाडीत एसी हवा सुकवतो. आमच्या गाडीत हे काम करणारी एकच वस्तू होती. पुण्यात हीटर लागत नाही हे खरंच आहे. तो घाटात लागतो, आणि पुण्याला समुद्राच्या बाजूला घाटच आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत बाबा आणि मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसलो. नाना पेठेत नवी जाळी मिळाली. किंमत ऐकून बाबांना धक्काच बसला, एवढी कमी होती! म्हणजे सगळा खर्च होता तो मेहनतीचा, आणि तीच आम्ही वाचवली होती. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, थंड इंजिनातलं कूलंट डब्यात उतरवलं (सोसायटीचं मांजर वास काढत आलं होतं, त्याला हाकललं, मांजराला हे जीवघेणं असतं). जुने होज पिळून काढायचे नाहीत, ब्लेडने लांबीत चिरायचे. पिळले तर जाळीचा नळ मोडतो. जाळीतलं उरलेलं पाणी आधी फुंकून काढायचं, नाहीतर सगळं चटईवर. मग ग्लोव्ह बॉक्स, रेडिओ, मीटर, केबली. मी प्रत्येक स्क्रू मास्किंग टेपवर चिकटवून शेजारी जागा लिहिली, तरी शेवटी दोन उरलेच. हीटरच्या पेटीला हात लागायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

इथे माझी तक्रार कुठल्या एका कंपनीबद्दल नाही. १९६५-६६ च्या फोर्ड मस्टँगमध्ये डॅशबोर्ड न काढता ही पेटी खालून बाहेर येते. पुढच्या काळात कित्येक गाड्यांत आधी पेटी बसवायची आणि मग तिच्यावर डॅशबोर्ड चढवायचा, अशी पद्धत पडली. कारखान्यात वेळ वाचतो, तो पुढे गॅरेजमध्ये भरावा लागतो. आपण 'डिझाइन फॉर असेंब्ली' शिकतो. उलट्या दिशेला मार्क किती? शून्य.

जुनी जाळी तांब्या-पितळेची निघाली. रेडिएटरवाल्या काकांकडे नेली. त्यांनी एक तोंड बंद करून दुसऱ्यातून बेताची हवा सोडली आणि जाळी बादलीत बुडवली. पाच-सहा ठिकाणांहून बुडबुडे! "ताई, एका ठिकाणी डाग देईन, महिन्याने शेजारी फुटेल. साधं पाणी टाकलंय हिच्यात वर्षानुवर्षं." ते साधं पाणी आम्हीच टाकलं होतं, नळाचं, कूलंट महाग म्हणून. काकांनी नळ्या उलट्या करून आतला क्षार झटकून दाखवला. फाऊलिंग फॅक्टर हा शब्द मी परीक्षेत दोनदा लिहिलाय, तो असा तळहातावर कधी घेतला नव्हता.

नवी जाळी बसवताना पेटीच्या कडेचा फोम जुना ठेवू नये, तो हातात येतो आणि गरम हवा काचेऐवजी पायाशी जाते. कूलंट भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवायचा, नाहीतर आत हवा अडकून बसते.

आता मुद्दा. माझे मित्र म्हणतात, वाटेत गळायला लागला तर बायपास करणार नाही का? करीन ना. घरी पोचण्यासाठी जरूर करीन. पण तो घरी पोचल्यावर तसाच ठेवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. गाडी चालते, गळत नाही, बिल होत नाही, आणि एक यंत्रणा गुपचूप कमी झालेली असते. दांडा जागेवर, पंखा फिरतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. काढायचाच असेल तर तो कशासाठी बसवला होता, हे आधी विचारायला हवं. मी ते विचारलं नाही. कारण मला 'हीटर' हा शब्द माहीत होता, आणि शब्द माहीत असला की वस्तू माहीत आहे असं आम्हा इंग्लिश मीडियमवाल्यांना फार पटकन वाटतं.

आपल्या हीट ट्रान्सफरच्या लॅबमध्ये पॅरलल फ्लो आणि काउंटर फ्लोचं रिग आहे. त्याचे रीडिंग आपण सगळे सीनियरच्या फाइलवरून उतरवतो, व्हायवाला सगळे पास होतात. माझं म्हणणं एवढंच की वर्कशॉपमध्ये भंगारातला एक अख्खा डॅशबोर्ड, हीटरच्या पेटीसकट, आणून ठेवावा. चार जणांच्या बॅचने तो खोलावा, जाळी काढावी, बादलीत तपासावी, परत बसवावी. उरलेल्या प्रत्येक स्क्रूमागे एक मार्क कापावा. माझे दोन आधीच गेलेत!

आमची जुनी जाळी सध्या होस्टेलच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. वर्कशॉपला हवी असेल तर देते. मात्र बादली तुमची.